फास्टिंग शुगर आणि एचबीएवनसी: उपाशी नेमकं कशासाठी राहायचं?

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फास्टिंग, पीपी (म्हणजे जेवणानंतरची साखर) आणि एचबीएवनसी अशी तीन नावं असतात आणि घरात त्यांचा अर्थ एकच होतो: शुगर तपासायची आहे, उद्या उपाशी जायचं. मग कुणी नुसत्या एचबीएवनसीसाठी सकाळी अकरापर्यंत पाण्यावर बसून राहतं, तर कुणी फास्टिंगला येताना 'बिनसाखरेचाच होता' म्हणत चहा पिऊन येतं. पहिल्याचे हाल फुकट जातात, दुसऱ्याचा रिपोर्ट.

फास्टिंग म्हणजे सुई टोचली त्या वेळी रक्तात असलेली साखर. ती आदल्या रात्रीच्या जेवणावर, तापावर, धावपळीवर, सकाळच्या दोन बिस्किटांवरही हलते. म्हणून तिची तयारी खरोखर पोटाची. निदान आठ तास काही खायचं नाही, साधं पाणी मात्र हवं तेवढं प्यावं. तहान मारून बसलं की शीर सापडायला त्रास होतो, एवढाच त्याचा परिणाम. चहा बिनसाखरेचा असला तरी दुधात स्वतःची साखर असते आणि कोऱ्या चहा-कॉफीतलं कॅफिनही नको. तंबाखू, बिडी, मशेरी नमुना दिल्यावर. लॅबपर्यंत भरभर चालत जाऊन 'आज व्यायामही झाला' असं करू नये, व्यायामानेही आकडा बदलतो.

जास्त उपाशी राहिलं तर रिपोर्ट अधिक चांगला येतो, हाही एक गोड गैरसमज. बारा-चौदा तासांपलीकडे ताणण्यात काही फायदा नाही, कारण पोट रिकामं असलं तरी यकृत स्वतःकडची साखर रक्तात सोडत राहतं. रात्री साडेआठ-नऊला जेवून सकाळी सातला नमुना दिला की झालं. आणि आदल्या रात्री मुद्दाम भाकरीऐवजी काकडीवर भागवायचं नाही. रोज जेवता तेच जेवा, नाहीतर तपासणी तुमची होत नाही, त्या एका रात्रीची होते. एकादशीचा उपवास आणि लॅबचा उपाशीपणा यांची गल्लतही नको. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात.

मधुमेहाची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन फास्टिंगचा नमुना देण्याआधी सहसा घ्यायचं नसतं. उपाशीपोटी घेतलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रात्रीचा डोस मात्र आपल्या मनाने चुकवू नये, त्याबद्दल डॉक्टरांनाच विचारावं. पीपी असेल तर नेहमीचं जेवण, जेवणासोबतची नेहमीची गोळी, आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे. पुष्कळ लोक हात धुतल्यापासून मोजतात.

एचबीएवनसीला यातलं काहीच लागत नाही. तिच्यात मोजली जाते तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तेवढा काळ साखर तिला चिकटत राहते, म्हणून आकडा गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतो, त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा. आदल्या दिवशीच्या श्रीखंड-पुरीने तो वाढत नाही आणि दोन दिवस भात सोडल्याने उतरत नाही. जेवून दुपारी चारला गेलात तरी चालतं. पंधरा दिवसांनी पुन्हा करून 'कमी झाली का' बघणं म्हणजे बहुतेक वेळा पैसे वाया.

पण या तपासणीलाही तयारी लागते, ती सांगण्याची, आणि तीच सगळ्यात जास्त राहून जाते. सगळा हिशेब तांबड्या पेशींच्या आयुष्यावर असल्याने पेशींतच काही बिघडलं की आकडा फसवतो. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या अॅनिमियात एचबीएवनसी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. आपल्याकडे बायकांमध्ये हा अॅनिमिया किती आहे ते वेगळं सांगायला नको. उलट नुकतंच रक्त चढवलं असेल, बराच रक्तस्राव झाला असेल किंवा पेशी लवकर फुटत असतील तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. घरात कुणाला असेल तर नमुना देण्याआधी सांगायलाच हवं. किडनीचा जुनाट आजार, गरोदरपण हेही तसंच. अशा वेळी डॉक्टर फास्टिंग-पीपीवर जास्त भिस्त ठेवतात.

दोन्हींचे आकडेही एका मापाचे नाहीत. फास्टिंग 126 मिलीग्रॅम (प्रति डेसिलिटर) किंवा त्याहून जास्त, एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा जास्त, या मधुमेहाच्या रेषा. त्रास काहीच नसेल तर एका रिपोर्टवर निदान पक्कं करत नाहीत, दुसऱ्याने खात्री करतात. 100 ते 125 आणि 5.7 ते 6.4 हा मधला, सावध होण्याचा पट्टा. फास्टिंग 110 आणि एचबीएवनसी 8 आली की लोक लॅबवर संशय घेतात. चूक होतेही कधी, पण 8 म्हणजे सरासरी साधारण 183, आणि सकाळी 110 असणाऱ्याची साखर जेवणानंतर दिवसभर वर राहत असेल तर दोन्ही रिपोर्ट बरोबर असू शकतात.

दोन्ही तपासण्या एकाच दिवशी असतील तर फास्टिंगच्या नियमाने जा, एकदाच सुई टोचून रक्त दोन वेगळ्या ट्यूबमध्ये घेतात. मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने सकाळी सगळ्यात आधीची वेळ मागून घ्यावी आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. रांगेत घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर ती लगेच तोंडात टाकावी आणि काउंटरवर सांगावं. फास्टिंग त्या दिवशी होणार नाही, एचबीएवनसी मात्र तेव्हाही देता येते.