मोसंबीचा रस वाटेत कडू का होतो?

गेल्या मे महिन्यात आई आठवडाभर परळला रुग्णालयात होती. एके दुपारी मुलुंडहून निघण्याआधी मी ज्यूसरमध्ये चार मोसंब्या घातल्या, रस स्टीलच्या बाटलीत भरला आणि स्लो लोकल पकडली. निघताना घोटभर चाखला होता, मस्त गोड होता. भेटीची वेळ चारची. आईने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यात औषध घातलंयस का रे?"

मी चाखून पाहिला. कडू! बाटली स्वच्छ घासलेली होती, आणि दोन-अडीच तासांत रस नासला म्हणावं तर वास अगदी ताजा.

गंमत अशी की हा कडूपणा फळात नव्हताच, तो बाटलीत तयार झाला. मोसंबीच्या फोडींवरचा पापुद्रा, सालीखालचा पांढरा थर आणि बिया यांत एक बेचव पदार्थ असतो. फळ शाबूत असतं तोवर तो आपल्या जागी असतो आणि आंबट रस आपल्या जागी. ज्यूसरने पेशींच्या भिंती पाडल्या की दोघांची गाठ पडते. मग रसातलं आम्ल आणि फळातलंच एक एन्झाइम मिळून त्या बेचव पदार्थाचं लिमोनिन करतात. लिमोनिन भलतंच कडू. लिटरभर रसात साधारण सहा मिलिग्रॅम असलं तरी जिभेला कळतं. पण ही क्रिया सावकाश चालते, म्हणून काढल्या काढल्या रस गोड लागतो आणि तासा-दोन तासांनी दगा देतो. उकाड्यात ती वेग घेते, फ्रिजमध्ये मंदावते. मे महिन्यातला लोकलचा डबा म्हणजे तिच्यासाठी पर्वणीच. पपनसाचा कडूपणा वेगळा. तो नारिंजिनचा, आणि तो पहिल्या घासालाच हजर असतो.

माझी खरी चूक यंत्र निवडण्यात झाली. आपल्याकडच्या बहुतेक ज्यूसरमध्ये खाली किसणीसारखी चकती आणि भोवती जाळीची टोपली असते. ही टोपली मिनिटाला दहा हजार फेरे घेत असेल आणि तिची त्रिज्या सहा सेंटिमीटर असेल, तर तिच्या कडेचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जातो. कडेपाशी किसावर जो जोर पडतो तो गुरुत्वाकर्षणाच्या साडेसहा हजार पटींहून जास्त! कपडे पिळून निघावेत तसा रस जाळीतून बाहेर फेकला जातो आणि चोथा आत राहतो. गाजर-बिटाला हे उत्तम. मोसंबीच्या मात्र बिया आणि पापुद्रेही त्यात भरडले जातात, म्हणजे लिमोनिनचा कच्चा माल आपणच रसात ओततो. त्यापेक्षा अर्धं कापलेलं फळ दाबून पिळायचं साधं हातयंत्र बरं. त्यात बिया आणि पापुद्रे बरेचसे अख्खे राहतात. रसवाला वर काळं मीठ, चाट मसाला भुरभुरवतो त्यालाही अर्थ आहे: मिठातलं सोडियम कडूपणाची जाणीव दाबतं.

सफरचंदाचा रस तपकिरी पडतो, तीही भिंत पडल्याचीच कथा, फक्त तिथे हवा सामील असते. चिरलेल्या पेशींतलं एन्झाइम आणि फिनॉल गटातले पदार्थ एकत्र येतात, प्राणवायू मिळतो आणि रंग चढतो. टोपलीचा ज्यूसर रसात भरपूर हवा घुसळतो (वरचा फेस तीच साक्ष देतो), त्यामुळे काम आणखी झटपट. लिंबू पिळलं तर त्यातलं आम्ल एन्झाइमला रोखतं आणि क जीवनसत्त्व रंग मागे परतवतं. "मोटारच्या उष्णतेने एन्झाइम मरतात, म्हणून स्लो ज्यूसरच घ्या" ही जाहिरातबाजी मला पटत नाही. रस काही अंशांनी कोमट होतो एवढंच. एन्झाइम खरोखर मेले असते तर सफरचंदाचा रस काळवंडला नसता! स्लो ज्यूसर फळ सावकाश दाबून रस काढतो; त्याचा खरा फायदा म्हणजे हवा कमी, फेस कमी.

चोथ्याबरोबर तंतू कचऱ्यात जातात, साखर मात्र पेल्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2015च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर मधाच्या आणि वरून घातलेल्या साखरेच्या पंक्तीत बसवली आहे. चार मोसंब्या सोलून खाताना पोट दुसरीलाच 'पुरे' म्हणतं. पेला रिकामा करताना म्हणत नाही.

आता एक कडूपणा असा, ज्याच्याशी थट्टा नको. सकाळी बागेबाहेर दुधीचा रस पिणारी मंडळी मुंबईत जागोजागी दिसतात. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. मोसंबीसारखी ती रस काढल्यावर तयार होत नाहीत, फळातच असतात. असा रस पिऊन उलट्या, रक्तस्राव आणि मृत्यूही झाले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीचा सल्ला स्पष्ट आहे: रस कडू लागला तर टाकून द्या, आणि त्यात दुसरा रस मिसळू नका. मिसळला की कडूपणा लपतो, विष तिथेच राहतं. म्हणून ज्यूसरमध्ये घालण्याआधी दुधीची एक चकती चावून पाहायची, आणि कडू लागली तर थुंकून द्यायची.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत अख्ख्या मोसंब्या, सुरी आणि हातयंत्र घेऊन गेलो. खाटेशेजारी रस काढला. आईने पेला संपवला आणि विचारलं, "काल काय आणलं होतंस मग?"