सुई हातात, नजर बागेत : सरत्या उन्हाळ्यातल्या हातकामासाठी थोडी माहिती

प्रिय ग्राहक,

उन्हाळा उतरणीला लागला की आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "एवढ्या उकाड्यात गोधडी मांडीवर घेऊन कोण बसणार? थंडी पडली की बघू." आमचं म्हणणं असं की मोठी गोधडी खुशाल बाजूला ठेवा, पण सुई ठेवू नका. दिवस अजून मोठा आहे, उजेड भरपूर आहे, आणि खिडकीबाहेरची बाग, मग ती चार कुंड्यांची का असेना, याच दिवसांत गजबजलेली असते. आम्ही दोरे, सुया, कापडाचे तुकडे आणि गोधडीचं भरण पुरवतो. वस्तू देताना जे सांगायचं राहून जातं, ते या पत्रकात लिहिलं आहे.

बसायचं कुठे

बागेकडे तोंड करून, पण अंगावर थेट ऊन येणार नाही अशा जागी बसा. उजव्या हाताने शिवणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उजवीकडून. म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली टाक्यावर पडत नाही. पांढऱ्या कापडावर थेट ऊन पडलं की डोळे दिपतात आणि टाके वाकडे जातात.

बागेकडे तोंड करायला सांगण्याचं कारण केवळ हौस नाही. वीतभर अंतरावरच्या टाक्यावर नजर खिळवून ठेवली की डोळ्यांचे स्नायू आखडतात आणि पापण्या कमी लवतात. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरच्या, म्हणजे सुमारे सहा मीटर लांबच्या वस्तूकडे 20 सेकंद पाहावं, असा साधा नियम आहे. समोर कोरी भिंत असली की हा नियम दोन दिवसांत विसरला जातो. समोर फुलांवर भिरभिरणारं काहीतरी असलं की मान आपोआप वर होते. आमच्या शिवणाच्या खोलीतली टेबलं आम्ही याच कारणासाठी फिरवून घेतली, आणि संध्याकाळची डोकेदुखी खरोखर कमी झाली.

ऊन आणि रंग

खिडकीजवळ बसा, पण काम तिथे सोडून उठू नका. आमच्याकडे शिवून झालेला एक जांभळा चौकोन दुमडलेल्या अवस्थेत खिडकीच्या कठड्यावर तीन आठवडे राहून गेला. घडी उलगडली तर उन्हाकडची बाजू राखाडी पडलेली, आतली अजून गडद, आणि दोन्हींच्या मधोमध पट्टीने आखावी तशी सरळ रेषा. तो चौकोन आम्ही टाकलेला नाही. काच ऊन अडवते असं कुणी म्हणालं की काढून दाखवतो. खिडकीची साधी काच अतिनील किरणांतला एक भाग अडवते, पण लांब लहरींची अतिनील किरणं तिच्यातून बरीचशी आत येतात. शिवाय नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही रंग उडतातच. म्हणून तर संग्रहालयांत जुनी वस्त्रं साधारण 50 लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचं एकक) एवढ्या मंद प्रकाशात मांडतात.

रंगाचा उजेडातला टिकाऊपणा 1 ते 8 अशा मोजपट्टीवर मोजतात. 8 म्हणजे सर्वांत पक्का. भिंतीवर टांगायचं काम असेल तर दोरे घेताना हा आकडा आम्हाला जरूर विचारा.

या दिवसांत काय हाती घ्यावं

आमची पहिली पसंती कागदावर बेतलेल्या षट्कोनांना. तळहातावर मावेल एवढं काम, मांडीवर ओझं नाही, आणि बागेत काही दिसलं म्हणून मध्येच थांबलात तरी काही बिघडत नाही. जाडसर कागदाचे एक इंच बाजूचे षट्कोन कापा. कापड त्याहून चहूबाजूंनी पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटर, माया (दुमडण्यासाठी जास्तीचं कापड) ठेवून कापा. माया कागदावर दुमडून कच्चे टाके घाला. मग दोन षट्कोन सुलट बाजू समोरासमोर ठेवून कडेला कड जुळवा आणि फक्त कापडाच्या दोन-तीन धाग्यांतून सुई काढत जोडत जा. कागदाला सुई लागली तर टाका खोल गेला असं समजा. सहाही बाजूंनी शेजारचे षट्कोन जोडून झाले की आतला कागद काढून पुन्हा वापरता येतो. षट्कोनाचा प्रत्येक कोन 120 अंशांचा, त्यामुळे एका बिंदूपाशी बरोबर तीन षट्कोन भेटतात आणि फट उरत नाही. पोळ्यातल्या मधमाश्यांचंही तेच गणित.

सुईच्या नंबरात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. गोधडीचा धावदोरा घालायच्या आखूड सुयांना बिटवीन्स म्हणतात. नवशिक्यांनी 8 किंवा 9 नंबर घ्यावा, हात बसला की 10 नंबरकडे वळावं. सुई आखूड असल्याने एका वेळी तीन-चार टाके भरता येतात आणि सुई वाकत नाही. भरतकामाच्या सुईचं नाकं लांबट असतं, कारण तिथे दोऱ्याचे एकाहून जास्त पदर ओवायचे असतात. दोरा 45 सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका. पुन्हा पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब दोरा घेतला की तो कापडातून शंभरदा घासून जातो, पिंजतो आणि गाठी पडतात.

उकाड्यात हाताला घाम येतो. घामातल्या क्षारांनी सुई काळवंडते, गंजतेही, आणि कापडात टोचून ठेवलेल्या सुईचा गंजाचा डाग सहसा जात नाही. म्हणून काम ठेवताना सुई कापडातून काढून पिनकुशनमध्ये खोचा. हात अधूनमधून धुवा, पूर्ण कोरडे करा. क्रीम लावून शिवायला बसू नका; तेलकट ठसा आधी दिसत नाही, काही महिन्यांनी पिवळा होऊन वर येतो.

आणि एक ताकीद, कारण या चुकीने चांगली कामं वाया गेलेली आम्ही पाहिली आहेत. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाची खूण पुसण्याआधी कापडावर इस्त्री फिरवू नका, आणि ते काम उन्हात तापूही देऊ नका. उष्णतेने ती खूण पक्की होते. उष्णतेने पुसली जाणारी पेनं वेगळी. त्यांची खूण इस्त्रीखाली नाहीशी होते, पण कडक थंडीत पुन्हा उमटू शकते. दोन्ही आधी कापडाच्या कोपऱ्यावर करून पाहा.

मान वर केल्यावर

गोल जाळं विणणारा कोळी काम करताना सापडला तर सुई खाली ठेवा आणि शेवटपर्यंत बघा, साधारण तासाभराचा खेळ असतो. आधी तो चौकट बांधतो, मग मधल्या बिंदूपासून बाहेर सरळ आरे टाकतो. त्यानंतर मधून बाहेरच्या दिशेने एक विरळ, कोरडा फेरा घालतो. हा फेरा शिकार पकडण्यासाठी नसतोच, तो आऱ्यांना जागेवर धरून ठेवतो. मग कोळी बाहेरच्या कडेला पोचून उलट फिरतो आणि चिकट दोऱ्याचे दाट फेरे घालत मध्याकडे येऊ लागतो. येता येता तो कोरडा फेरा काढून टाकतो.

हे कच्चे टाकेच झाले! गोधडीत आपणही वरचं कापड, भरण आणि अस्तर असे तीन थर एकमेकांवर पसरतो, दर 10 सेंटिमीटरवर कच्चे टाके घालून बांधतो, आणि पक्का धावदोरा झाला की कच्चे काढतो. फरक एवढाच की आपला पक्का दोरा मध्यापासून कडेकडे जायला हवा. कडेकडून मध्याकडे आलात तर सैल कापड मधे गोळा होतं आणि त्याची चुणी पडते, ती मग कशानेही निघत नाही. कितीतरी कोळी जुनं जाळं खाऊन टाकतात आणि त्यातल्या प्रथिनांपासून नवा दोरा काढतात. आपल्याला उसवलेला दोरा इतका चांगला वापरता येत नाही.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारख्या गोल खाचा दिसल्या तर औषध मारायला धावू नका. ती पान कापणारी मधमाशी आहे, मेगाकायली गटातली. ती पोळं करत नाही, एकटी राहते. पानाच्या कडेवर बसून ती जबड्याने स्वतःभोवती गोलाईत पान कापत जाते, शेवटचा धागा तुटायच्या बेतात पंख फडफडवू लागते, आणि तुकडा पोटाखाली धरून उडून जाते. लांबट तुकडे पोकळ काडीतल्या घराच्या भिंतींना, गोल तुकडे झाकणाला. आत परागाचा गोळा आणि त्यावर एक अंडं. झाडाला यानं काही होत नाही. दोन आकारांच्या तुकड्यांत अख्खं घर उभं करणारी ही कारागीर आम्हाला फार आवडते.

शिवण्याची कला पाखरांतही आहे. दक्षिण आणि आग्नेय आशियातला शिंपी पक्षी चोचीने पानाच्या कडांना भोकं पाडतो आणि त्यांतून वनस्पतींचे तंतू किंवा कोळ्याचं रेशीम ओवून घरट्यासाठी पानाचा द्रोण करतो.

पाहिलेलं कापडावर उतरवताना

नमुन्यांच्या पानांवर नेहमी दिसणाऱ्या काही चुका बागेत दहा मिनिटं बसलं की आपोआप सुटतात. मधमाशीला चार पंख असतात, माशीला दोन. कीटकाचे सहाही पाय मधल्या भागातून निघतात, पोटातून नाही. कोळ्याचे आठ पाय पुढच्या भागातून. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, बहुतेक पतंगांच्या मिशीला नसते, ती धाग्यासारखी किंवा पिसासारखी असते. म्हणून फुलपाखरू भरताना मिशी एकपदरी स्टेम टाक्याने (देठासारखी सलग रेघ देणाऱ्या टाक्याने) काढा आणि टोकाला एक बारीक फ्रेंच नॉट, म्हणजे सुईभोवती दोरा गुंडाळून केलेली गाठ, द्या. एवढ्या एका गाठीने ते जिवंत वाटू लागतं.

पंखासाठी सहापदरी लडीतला एकच पदर वापरा. पंखाचा रंग कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या बारीक खवल्यांचा असतो, म्हणून टाके अंगापासून कडेकडे जाऊ द्या आणि प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीत थोडी घुसवा. आडवे टाके घातले की पंख सपाट पट्टीसारखा दिसतो.

एखादं फुलपाखरू घामेजलेल्या हातावरच येऊन बसलं तर हलू नका. त्याला क्षार हवे असतात, ओल्या मातीतून शोषतं तसे ते घामातूनही घेतं.

बागेसाठी आपण काय पाळायचं

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोऱ्याची टोकं. पाखरांना घरट्यासाठी उपयोगी पडतील म्हणून दोरे, लोकर, भरणाचे पुंजके बाहेर ठेवण्याची पद्धत बरेच जण प्रेमाने पाळतात. आम्हीही पाळत होतो. एके दिवशी कुंपणाशी एक लहान पाखरू एका पायावर उभं दिसलं. दुसऱ्या पायाला दोऱ्याचे वेढे इतके घट्ट बसले होते की बोटं सुजून काळी पडली होती. दोरा लाल होता, आमच्याच लडीतला. लहान कात्रीने तो कापला, पाखरू उडालं. पाय वाचला की नाही हे आम्हाला कळलं नाही. त्या दिवसापासून आम्ही एकही धागा बाहेर ठेवत नाही आणि तुम्हालाही तीच विनंती करतो. पिल्लांच्या पायात, मानेत, पंखांत दोरा अडकतो आणि वाढत्या अंगात रुततो. पॉलिएस्टरचा दोरा तर कुजतही नाही. पाखरांना वाळकं गवत, काड्या, गळलेली पानं पुरेशी असतात; त्यासाठी बागेचा एक कोपरा न झाडता सोडा.

उथळ पसरट भांड्यात दोन-तीन बोटं पाणी ठेवा आणि कीटकांना बसायला मधे एक खडबडीत दगड. पाणी रोज बदलणं उत्तम, कारण उष्ण दिवसांत डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ साधारण आठवडाभरात होते. सुकलेली फुलं सगळी खुडू नका, त्यांच्या बिया टिपायला पाखरं येतात.

संध्याकाळी दिवा लावून शिवायचं असेल तर पिवळसर उजेडाचा बल्ब घ्या आणि पडदा ओढा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे पतंग जास्त ओढले जातात आणि रात्रभर फिरून थकतात.

काम आवरून ठेवताना

उन्हाळा संपताना हवा दमट होते तिथे गोधडी प्लॅस्टिकमध्ये बंद करू नका, आतला ओलावा आतच राहतो. धुतलेल्या सुती उशीच्या अभ्र्यात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी वेगळ्या ठिकाणी मोडा. स्टार्च केलेलं कापड आधी धुवून घ्या, कारण कसरीला स्टार्च आवडतो. लोकरीचं भरतकाम वेगळं ठेवा. कपडे खाणाऱ्या पतंगाची अळी लोकर आणि रेशीम खाते, स्वच्छ सुती कापडाकडे सहसा फिरकत नाही. धुतलेली गोधडी दोरीवर लोंबकळत टांगू नका, ओल्या वजनाने टाके ताणतात. सावलीत आडवी पसरा. सुती भरण पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं आणि गोधडीला तो जुना, सुरकुतलेला पोत येतो. तो नको असेल तर भरण आधी भिजवून घ्यायचं की नाही, हे पाकिटावरची सूचना वाचून ठरवा.

या पत्रकासोबत एक छोटी कापडी पिशवी दिली आहे. ती खुर्चीच्या हाताला बांधा आणि कापलेलं प्रत्येक टोक तिच्यात टाका. पिशवी भरली की तोंड शिवून टाका, चांगलं टणक पिनकुशन होतं.