विषकन्या

विषकन्या : लहानपणापासून थोडे थोडे विष पचवून वाढवलेली आणि त्यामुळे जिच्या स्पर्शाने, श्वासाने, घामाने किंवा समागमाने पुरुषाला मृत्यू येतो, अशी कल्पिलेली स्त्री. भारतीय वैद्यक, नीतिशास्त्र, नाटक व कथावाङ्मय यांत तिचे उल्लेख सापडतात. ते बहुधा राजा आणि त्याचे शत्रू यांच्या संदर्भातले आहेत. मोहाच्या वाटेने येणारा मृत्यू ही कल्पना जगभरच्या वाङ्मयात आहे, परंतु त्या मोहाला राजनीतीतील हत्याराचे रूप भारतीय परंपरेत जितके रेखीव मिळाले तितके अन्यत्र क्वचितच मिळाले असेल. अप्सरा, यक्षिणी, नागकन्या यांच्याशी तिची गल्लत होते, पण त्या अमानुष योनीतील असतात आणि विषकन्या ही माणसानेच घडवलेली असते.

वैद्यकातील उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिला अध्याय राजाच्या अन्नपानाच्या रक्षणाविषयी आहे. विषकन्येच्या उपयोगाने माणूस क्षणात प्राण सोडतो, असे तेथे ओघात म्हटले आहे. ती कोण, कशी तयार करतात, याचा खुलासा नाही. वाचकाला ते ठाऊक असावे, असे ग्रंथकाराने धरलेले दिसते. संहितेचे थर वेगवेगळ्या काळचे असल्याने हा उल्लेख नेमका केव्हाचा हे ठरवणे कठीण आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला तो असावा, एवढेच धरता येते.

तपशील मिळतो तो अष्टांगसंग्रहात (सुमारे सहावे-सातवे शतक). सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात वाग्भट म्हणतो की जन्मापासून विषाशी संयोग घडवून कन्या विषमय केली जाते आणि ती स्पर्शाने, उच्छ्वासाने मारते. लगेच तो तिची परीक्षा सांगतो. तिच्या मस्तकाचा स्पर्श झालेली फुले आणि पालवी कोमेजते. तिच्या अंथरुणातले ढेकूण, कपड्यांतल्या उवा आणि स्नानाच्या पाण्यातले जीवजंतू मरतात. अशी खूण पटली की तिला दुरूनच टाळावे. सौंदर्याची एरवीची सगळी साधने, म्हणजे केसांतील फूल, शय्या, वस्त्र, स्नान, येथे तपासणीच्या यादीत आली आहेत. शृंगारवर्णनाचा सांगाडा तोच ठेवून वैद्याने त्यात कीटक भरले, असे म्हणण्याचा मोह होतो.

अर्थशास्त्राचा प्रश्न : चाणक्याने विषकन्यांचे दल उभारले होते आणि त्याची माहिती कौटिलीय अर्थशास्त्रात आहे, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत छापलेले असते. रुद्रपट्टण शामाशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे रा. प. कंगले यांनी चिकित्सक रीतीने संपादिलेल्या पाठात मात्र विषकन्येचे वर्णन आढळत नाही. विषांचे प्रयोग सांगणाऱ्या औपनिषदिक अधिकरणातही ते नाही. स्वतः अर्थशास्त्राचा काळही वादग्रस्त आहे. कंगले यांचा कल इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाकडे आहे, तर अलीकडचे बरेच अभ्यासक ग्रंथाचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतले मानतात. त्यामुळे चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी विषकन्या होत्या, या विधानाला या ग्रंथाचा आधार घेता येत नाही.

ग्रंथात आहे ते वेगळेच, आणि या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचे. अंतःपुराविषयीच्या प्रकरणात (१.२०) राण्यांकडून मारल्या गेलेल्या राजांची यादी येते. मध म्हणून विष माखलेल्या लाह्यांनी काशिराज मेला, विषदिग्ध नूपुराने वैरंत्य, मेखलेच्या मण्याने सौवीर, आरशाने जालूथ आणि वेणीत लपवलेल्या शस्त्राने विदूरथ. म्हणून वृद्ध स्त्रियांनी तपासून निर्धोक ठरवल्यावरच राजाने राणीला भेटावे आणि रूपाजीवांनी (गणिकांनी) अंग घासून स्नान केल्यावर, वस्त्रालंकार बदलून मगच समोर यावे, असे कौटिल्य सांगतो. हा नियम नीट वाचला तर येथे विष शरीरात भिनलेले नसून शरीरावर किंवा दागिन्यावर लावलेले धरले आहे, हे उघड आहे. धुतले की ते जाते. अंगाला किंवा अलंकाराला विष माखण्याच्या या भीतीतूनच पुढे अंगातच विष असलेल्या कन्येची कल्पना वाढली असावी, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

हीच यादी पुढच्या ग्रंथांत फिरत राहिली आणि फिरताना बदलली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) वेणीतले शस्त्र विदूरथासाठीच आहे, पण नूपुर वैरंत्याकडून काशिराजाकडे गेले आहे आणि राणी ‘विरक्ता’ होती, एवढे कारण जोडले आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाने हर्षचरितात प्रत्येक राणीला नाव दिले, काहींना हेतूही दिला. सुप्रभेने मुलाला राज्य मिळावे म्हणून महासेन या काशिराजाला मारले. सवतीच्या रागाने वल्लभेने रंतिदेवाचा घात केला. दिराच्या प्रेमात पडलेल्या देवकीने कानातल्या नीलकमळात विषाची पूड घालून देवसेनाला मारले. रत्नवतीने तर आधी कामविकाराचे सोंग केले आणि मग वस्तऱ्यासारखी धार असलेला आरसा चालवला. कौटिल्याकडे केवळ साधन होते. बाणाकडे मत्सर, महत्त्वाकांक्षा आणि परपुरुषाची ओढ आली, म्हणजे कथेला लागते ते सर्व आले. ही सगळी माणसे इतिहासात होती की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे.

मोह हे फोडाफोडीचे साधन म्हणून वापरण्याची चर्चा अर्थशास्त्रात संघवृत्त या, संघांविषयीच्या म्हणजे गणराज्यांविषयीच्या अधिकरणात येते. रूपवान तरुण स्त्रियांच्या द्वारे संघप्रमुखांना वेडे करावे आणि एकीवरून दोघांत वैर पेटवावे, असा तेथील सल्ला आहे. यात देहात भिनलेल्या विषाचा संबंध नाही. हेरगिरीच्या बातम्यांत आज ‘हनी ट्रॅप’ला विषकन्या म्हणण्याची जी पद्धत आहे, तिचे खरे पूर्वज या अधिकरणात आहेत.

मुद्राराक्षसातील विषकन्या : ही कल्पना वाङ्मयात रुजली ती विशाखदत्ताच्या मुद्राराक्षस या नाटकाने. नाटकाचा काळ भरतवाक्यातील, म्हणजे शेवटच्या आशीर्वादपर श्लोकातील राजाच्या नावावर अवलंबून आहे आणि तेथे हस्तलिखितांत चंद्रगुप्त, अवंतिवर्मा, दंतिवर्मा, रंतिवर्मा असे पाठभेद आहेत. चंद्रगुप्त हा पाठ घेतला तर नाटक गुप्तकाळात, इसवी सन ४०० च्या सुमारास जाते. अवंतिवर्मा घेतला तर मौखरी राजाच्या अनुरोधाने सहाव्या शतकाच्या अखेरीस येते. जर्मन पंडित याकोबी यांनी काश्मीरचा अवंतिवर्मा मानून ते नवव्या शतकात आणले होते, ते मत आता मागे पडले आहे. १८८४ मध्ये या नाटकाची चिकित्सक आवृत्ती काढणारे काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा कल सातव्या-आठव्या शतकाकडे होता. येथे सहाव्या शतकाचा पक्ष स्वीकारला आहे, पण तो निर्णायक म्हणता येत नाही.

नाटकात नंदांचा राक्षस नावाचा अमात्य चंद्रगुप्ताला मारण्यासाठी विषकन्या पाठवतो. चाणक्य तिला चंद्रगुप्ताचा मित्र व अर्ध्या राज्याचा वाटेकरी पर्वतक याच्याकडे वळवतो आणि पर्वतक मरतो. हे सर्व नाटक सुरू होण्यापूर्वी घडलेले आहे. विषकन्या रंगमंचावर एकदाही येत नाही. तिला नाव नाही, संवाद नाही, पुढे तिचे काय झाले तेही कोणी विचारत नाही. रंगमंचावर असते ती तिच्याविषयीची अफवा. पर्वतकाला राक्षसानेच मारवले, अशी वार्ता चाणक्य पसरवतो. क्षपणकाच्या (जैन साधूच्या) वेषातला त्याचा हेर जीवसिद्धी याला त्या कटातला साथीदार ठरवून नगराबाहेर घालवतो. पाचव्या अंकात हाच जीवसिद्धी ‘गुपित’ अशा रीतीने फोडतो की पर्वतकाचा मुलगा मलयकेतू ते आडून ऐकतो. त्याचा राक्षसावरचा विश्वास उडतो आणि राक्षसाची आघाडी मोडते. देहातल्या विषाने एक माणूस मेला, तर कानात घातलेल्या विषाने अख्खे सैन्य विस्कटले. विशाखदत्ताला या दुसऱ्या विषातच रस आहे.

दुसऱ्या अंकात राक्षस स्वतःच्या अपयशाची तुलना कर्णाच्या शक्तीशी करतो. अर्जुनासाठी राखून ठेवलेली, एकाच पुरुषाला मारणारी शक्ती जशी घटोत्कचावर खर्ची पडली, तशी विषकन्या पर्वतकावर. यावरून विषकन्या एकदाच मारू शकते, अशी समजूत प्रचलित असावी, असे काही भाष्यकार मानतात. वाग्भटाच्या वर्णनाशी मात्र हे जुळत नाही. जिच्या अंथरुणात ढेकूणही जगत नाहीत, तिचे विष एका बळीने संपावे कसे? उपमेची गरज म्हणून कवीने ही मर्यादा घातली, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे.

जैन व कथासाहित्यातील परंपरा : बाराव्या शतकातील हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वात प्रसंग बदलतो. येथे कन्या नंदाच्याच घरात विषावर वाढलेली आहे. पर्वतक तिला पाहताच भुलतो आणि चाणक्य दोघांचे लग्न लावतो. होमाग्नीच्या धगीने आलेला घाम पाणिग्रहणात हाताला लागतो आणि विष चढते. चंद्रगुप्त उपचाराला धावतो तेव्हा चाणक्य भुवई चढवून त्याला थांबवतो. हा भुवईचा इशारा या सबंध परंपरेतील सर्वांत थंड क्षण आहे. याच ग्रंथात चाणक्य चंद्रगुप्ताला अन्नातून थोडे थोडे विष देऊन निर्धोक करतो, ते अन्न नकळत खाऊन राणी दुर्धरा मरते आणि तिच्या पोटातून काढलेल्या बालकाच्या डोक्यावर विषाचा थेंब असल्याने त्याला बिंदुसार म्हणतात, अशी कथा आहे. म्हणजे विषावर वाढवलेला पुरुष राजा होतो, तर स्त्री हत्यार होते. पद्धत दोघांसाठी एकच आहे.

सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) ब्रह्मदत्ताचा मंत्री वत्सराजाच्या सैन्याच्या वाटेवरील झाडे, वेली, पाणी व गवत विषारी करतो आणि नर्तकींच्या रूपात विषकन्या पाठवतो. वत्सराजाचा मंत्री यौगंधरायण हे सर्व वेळीच ओळखतो.

पश्चिमेकडील प्रवास व उगमाविषयीची मते : ॲरिस्टॉटलच्या नावावर खपणाऱ्या ‘सिर्र अल-असरार’ या अरबी ग्रंथात (सुमारे दहावे शतक) भारतातून अलेक्झांडरला नजराणा म्हणून विषावर वाढवलेली सुंदर मुलगी पाठवली जाते आणि ॲरिस्टॉटल तिला ओळखून शिष्याला वाचवतो. बाराव्या-तेराव्या शतकांतील लॅटिन अनुवादांमुळे ही कथा युरोपभर पसरली. ‘गेस्ता रोमानोरुम’ या लॅटिन कथासंग्रहात ती उत्तरेच्या राणीची मुलगी झाली. अलेक्झांडरचा वृत्तांत लिहिणाऱ्या ॲरियन किंवा प्लुटार्क यांच्या ग्रंथांत या प्रसंगाचा मागमूस नाही.

व्हिल्हेल्म हर्ट्झ यांनी १८९३ मध्ये या कथाचक्राचा पहिला मोठा अभ्यास केला. एन. एम. पेंझर यांनी १९२४ मध्ये कथासरित्सागराच्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या परिशिष्टात तो पुढे नेला. कथेचा उगम भारतीय आहे, हे मत आज सामान्यतः मान्य आहे. तिच्या मुळाशी गुप्तरोगाची भीती असावी, हा तर्क अनेकदा मांडला जातो, पण तो टिकत नाही. उपदंशाची (सिफिलिसची) नोंद युरोपात १४९० च्या दशकापासूनची आहे आणि भारतात तो फिरंगरोग या नावाने सोळाव्या शतकातील भावप्रकाशात येतो. विषकन्या त्याहून कितीतरी जुनी आहे. शिवाय रोग सावकाश मारतो आणि सुश्रुत ‘क्षणात’ म्हणतो.

विषाची सवय होणे ही गोष्ट मात्र अगदीच निराधार नाही. पाँटसचा राजा सहावा मिथ्रिडेटीस (मृत्यू इ. स. पू. ६३) याच्याविषयी तशीच आख्यायिका आहे आणि काही विषांच्या बाबतीत शरीराची सहनशक्ती खरोखर वाढते. परंतु ती वाढते ती शरीर विष निकामी करू लागते म्हणून. तेच विष घामात किंवा लाळेत प्राणघातक प्रमाणात साठून राहण्याचा त्यातून संभव नाही.

फलज्योतिषात भद्रा तिथी (२, ७, १२), रवि, मंगळ वा शनिवार आणि आश्लेषा, कृत्तिका वा शततारका नक्षत्र यांच्या विशिष्ट मेळाला विषकन्या योग म्हणतात. त्या योगावर जन्मलेली मुलगी पतीला घातक ठरते, ही समजूत जातकग्रंथांत आहे. विष पाजून घडवलेल्या कन्येशी तिचा संबंध नावापुरताच असला, तरी त्यापायी कित्येक मुलींची लग्ने अडली असतील.

कल्किपुराण या फार उशिराच्या उपपुराणात विषकन्या प्रथमच स्वतः बोलते. गंधर्वपत्नी सुलोचना एका कुरूप मुनीला हसली म्हणून तिच्या दृष्टीत विष आले. रिकाम्या नागनगरीत एकटी राहणारी ही स्त्री कल्कीपुढे आपले दुःख सांगते आणि त्याच्या दर्शनाने मुक्त होते.

आधुनिक साहित्य व चित्रपट : नथॅनिएल हॉथॉर्न यांच्या १८४४ मधील कथेत वैज्ञानिक बापाने विषारी फुलांच्या बागेत वाढवलेली मुलगी येते. तिला कोणालाही मारायचे नसते आणि उतारा घेतल्यावर तीच मरते. हॉलिवूडमध्ये थीडा बारा हिच्या १९१५ मधील चित्रपटापासून पुरुषाला उद्ध्वस्त करणारी ‘व्हॅम्प’ रूढ झाली. १९४० च्या दशकातील गुन्हेपटांतील मोहिनी तिच्याहून हिशेबी आहे. तिच्यामागे राजा वा मंत्री नसतो, कट तिचा स्वतःचा असतो, आणि विम्याची रक्कम हा तिचा एक ठरलेला हेतू. १९३४ पासून कडक झालेल्या निर्मितिसंहितेमुळे, म्हणजे हॉलिवूडने स्वतःवर घातलेल्या नियमावलीमुळे, गुन्ह्याला शिक्षा दाखवणे भाग होते. या नायिका शेवटी मरतात त्याचे निम्मे श्रेय कथेला आणि निम्मे त्या संहितेला द्यावे लागेल.

हिंदीत केदार शर्मा यांनी १९४३ मध्ये साधना बोस व पृथ्वीराज कपूर यांना घेऊन विषकन्या या नावाचा चित्रपट केला. याच नावाचा जगमोहन मुंदडा यांचा चित्रपट १९९१ मध्ये आला. त्यात पूजा बेदी यांनी पदार्पण केले. दरम्यान १९७६ चा नागिन आणि १९८६ चा नगीना यांनी इच्छाधारी नागिणीला इतकी लोकप्रियता मिळवून दिली की विषकन्येची जागा पडद्यावर बहुतांशी तिनेच घेतली. नागिणीचे विष जन्मजात असते आणि तिच्यामागे कोणी चाणक्य नसतो. ती स्वतःच्या जोडीदाराचा सूड घेते किंवा नवऱ्याला वाचवते.