होप आणि विटल्सबाख: दोन निळ्या हिऱ्यांची गल्लत

होप आणि विटल्सबाख यांचे फोटो शेजारी ठेवले, तर कोणता कुठला हे पटकन सांगता येत नाही. दोन्ही गडद निळे, दोन्ही टपोरे, दोन्हींचं मूळ भारतातलं. बहुधा कृष्णाकाठच्या कोल्लूरच्या खाणीतलं. त्यामुळे हे एकाच कच्च्या हिऱ्याचे दोन तुकडे असावेत, असं पुष्कळ वर्षं बोललं जायचं.

या समजाला आणखी एक कारण होतं. हिऱ्याला निळा रंग येतो बोरॉन या मूलद्रव्यामुळे. दहा लाख अणूंमागे बोरॉनचे जेमतेम काही अणू असतात, पण तेवढे तांबडा-पिवळा प्रकाश शोषून घ्यायला पुरतात. अंधाऱ्या खोलीत होपवर अतिनील दिवा धरायचा आणि मग दिवा बंद करायचा. एरवी निळा असलेला खडा विझत आलेल्या निखाऱ्यासारखा लाल दिसत राहतो आणि हळूहळू काळोखात मिसळतो. इतकी ठळक लाली फार थोड्या निळ्या हिऱ्यांत दिसते. विटल्सबाखमध्ये ती दिसते, तीही जवळजवळ होपसारखीच!

२०१० मध्ये विटल्सबाख वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आला, तेव्हा दोघांची एकत्र तपासणी झाली. स्फटिक वाढताना आत उमटलेल्या खुणा जुळल्या नाहीत. ते एका खड्याचे तुकडे नाहीत, हे तिथे ठरलं.

इतिहास तर अगदीच वेगळे. होपचा मूळ खडा फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए याने भारतातून नेला आणि १६६८ च्या सुमारास फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला विकला. वजन सुमारे ११५ कॅरेट. राजाने तो नव्याने कापून घेतला, तेव्हा सुमारे ६९ कॅरेट उरले. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, सप्टेंबर १७९२ मध्ये, तो चोरीला गेला. वीस वर्षांनी लंडनमध्ये एक लहान निळा हिरा दिसू लागला. चोरीचा माल ओळखू येऊ नये म्हणून पुन्हा कापला असणार, हा संशय जुनाच होता. मात्र २००७ मध्ये पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्या राजहिऱ्याची शिशाची प्रतिकृती सापडली आणि होप तिच्यात नेमका बसतो हे दाखवता आलं. मला या सगळ्या कथेत शिशाचा तो ओबडधोबड तुकडा सर्वांत मोलाचा वाटतो. आज होप ४५.५२ कॅरेटचा आहे. १९५८ मध्ये जवाहिर हॅरी विन्स्टन यांनी तो स्मिथसोनियनला दिला, तोही साध्या तपकिरी कागदात गुंडाळून, रजिस्टर्ड टपालाने.

शापाच्या गोष्टी होपच्याच; विटल्सबाखला त्या चुकून चिकटवल्या जातात. तसा त्यांना होपच्या बाबतीतही आधार नाही, वर्तमानपत्रांनी आणि विकणाऱ्यांनी त्या फुलवल्या.

विटल्सबाख १७२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या राजकन्येच्या लग्नातून जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजघराण्यात आला, आणि पुढे त्यांच्या मुकुटात बसला. राजेशाही गेली, हिरा विकला गेला आणि ओळख हरवली. १९६० च्या दशकात अँटवर्पचे व्यापारी जोसेफ कोमकॉमर यांच्याकडे एक जुना निळा खडा नव्याने पैलू पाडण्यासाठी आला. त्यांनी तो ओळखला आणि कापायला नकार दिला.

२००८ मध्ये जवाहिर लॉरेन्स ग्राफ यांनी तो लंडनच्या लिलावात सुमारे १ कोटी ६४ लाख पौंडांना घेतला आणि नव्याने कापून घेतला. वजन ३५.५६ वरून ३१.०६ कॅरेटवर आलं. करडी झाक कमी झाली, आतून तो निर्दोष ठरला, नाव झालं विटल्सबाख-ग्राफ. दर्जा वाढला हे खरं. तरी शतकानुशतकांच्या वापराचे कडेवरचे ओरखडे आणि टवके त्या साडेचार कॅरेटबरोबर गेले, याची मला खरोखर हळहळ वाटते. कोमकॉमर यांनी ओळखलेला खडा आता जुन्या फोटोंतच पाहायला मिळतो.