शरीरबलवाचक शब्द (मराठी)

माणसाची ताकद, अंगकाठी, दम आणि निरोगीपण यांचे वर्णन करण्यासाठी मराठीत रूढ असलेली शब्दसंपदा. तिचा मोठा भाग तालमीत, शेतात आणि घरात घडलेला आहे. देहाचा आकार आणि देहाचे बळ या दोन गोष्टी ती कटाक्षाने वेगळ्या ठेवते, हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य होय. धिप्पाड, थोराड हाडाचा हे शब्द मुख्यतः आकारमान सांगतात आणि असा माणूस बलवान असेलच असे त्यांतून सूचित होत नाही. याउलट ज्याच्या अंगावर फारसे मांस दिसत नाही, पण जो दिवसभर राबूनही थकत नाही, त्याच्यासाठी काटक आणि चिवट हे खास शब्द आहेत, आणि या अर्थाने ते बहुधा आदराने उच्चारले जातात.

बळ आणि शक्ती हे शब्द संस्कृतातून आले, तर ताकद, जोर, दम, मजबूत, तंदुरुस्त, पहिलवान हे अरबी-फार्सीतून. फार्सी ही दख्खनमध्ये दीर्घकाळ दरबाराची भाषा होती आणि तिचा ठसा तालमीच्या बोलीवर आजही स्पष्ट दिसतो. ‘तालीम’ म्हणजे मुळात शिक्षण. मराठीत मात्र तो कुस्तीच्या आखाड्याचा आणि व्यायामशाळेचा वाचक झाला. तिथे शिकवणारा तो वस्ताद, मल्लाचे दूध, तूप, बदाम हे खाणे म्हणजे खुराक. ‘जोर’ या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे: बळ हा मूळ अर्थ टिकवून ठेवत तो एका व्यायामप्रकाराचे नाव बनला. हिंदीत ज्याला दंड म्हणतात त्याला मराठी मल्ल जोर म्हणतो आणि ‘जोर-बैठका काढणे’ हा प्रयोग कधी तालमीची पायरी न चढलेल्या माणसाच्याही तोंडी असतो.

तालमीतल्या शब्दांपैकी सर्वांत अर्थगर्भ शब्द ‘दम’ हा मानावा लागेल. मूळ अर्थ श्वास. दम लागणे म्हणजे धाप लागणे, दम धरणे म्हणजे थांबून वाट पाहणे, आणि ‘गड्यात दम आहे’ म्हणजे झुंज लांबली तरी तो ढिला पडणार नाही. श्वास, धीर आणि टिकाव या तिन्ही गोष्टी कुस्तीत प्रत्यक्षातही एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे पाहता हा अर्थविस्तार स्वाभाविक वाटतो. ‘रग’ हा शब्दही असाच दुहेरी आहे. श्रमाने अवघडलेल्या हाताला रग लागते, आणि ज्याला आपल्या ताकदीचा माज आहे त्याच्याही अंगात रग असते. रगेल हे विशेषण या दुसऱ्या अर्थातून निघाले. प्रतिस्पर्धी त्याची रग जिरवतो.

व्यायामाने घडवलेल्या देहाला ‘कमावलेले शरीर’ म्हणतात. कातडे कमावतात, गायक आवाज कमावतो, तसेच शरीरही कमावायचे असते; म्हणजे ते जन्मजात देणे नसून रोजच्या मेहनतीचे फळ आहे, असा विचार या क्रियापदात गृहीत आहे. अशा शरीराचे दंड पिळदार असतात, छाती भरदार असते आणि दंडावर फुगून येणाऱ्या स्नायूला बेटकुळी म्हणतात.

शेतीशी जोडलेला ‘कस’ हा शब्द जमिनीला, धान्याला आणि माणसाला सारखाच लागू होतो. कस असलेली जमीन पीक देते, कस असलेला माणूस कष्ट पेलतो. एकदाच लावायच्या जोराहून वेगळे, सातत्याने लावलेले बळ म्हणजे ‘नेट’. पिळदार, भरदार ही विशेषणे बहुधा पुरुषांसाठीच वापरली जातात, पण काटक, चिवट, दणकट, धडधाकट यांना असे बंधन नाही, आणि राबणाऱ्या स्त्रियांच्या वर्णनात ती वारंवार येतात. ‘धट्टीकट्टी गरिबी, लुळीपांगळी श्रीमंती’ ही म्हणही श्रमाने आलेल्या बळाचाच मान सांगते.

घरगुती शब्द वयानुसार बदलतात. तान्हे मूल बाळसे धरते, गुटगुटीत होते. म्हातारा माणूस खुटखुटीत किंवा टुणटुणीत असतो. आजारातून उठलेला ठणठणीत बरा होतो. क्षीणतेचे शब्दही तितकेच नेमके आहेत. लुकडा आणि हडकुळा हे अंगकाठीविषयी बोलतात, खंगणे आजाराने किंवा चिंतेने होते, आणि अंगात त्राण नसणे ही त्या घटकेची अवस्था असते.

या भेदांचे महत्त्व खाशाबा जाधव यांच्या उदाहरणावरून ध्यानात येते. कराडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते ठरले. त्यांना धिप्पाड म्हणता येणार नाही. चपळ आणि चिवट हेच शब्द त्यांना शोभतात.

अलीकडे शहरी बोलण्यात फिट, स्टॅमिना, बॉडी हे इंग्रजी शब्द स्थिरावले आहेत. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकी मराठीत शारीरिक सुदृढता, लवचीकता, दमदारपणा अशा संज्ञा वापरल्या जातात. त्यांतील ‘दमदारपणा’ ही विशेष समर्पक म्हणावी लागेल, कारण तालमीतल्या पोराला तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.