इंग्लंडमध्ये वसंतातल्या सॅमनसाठी फ्लाय फिशिंग: लायसन्स मिळतं, पण अडतं ते पुढेच

"लायसन्स तर माझ्याकडे आहे, मग मला काठावरून का उठवलं?" सॅमन समुद्रातून नद्यांत चढायला लागला की दर वसंतात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. बहुतेक वेळा त्या माणसाने फसवाफसवी केलेली नसते. चुकीचं लायसन्स घेतलेलं असतं, नाहीतर लायसन्स म्हणजेच सगळी परवानगी अशी त्याची समजूत झालेली असते.

अर्ज करणं हा यातला सर्वात सोपा भाग आहे. सरकारी संकेतस्थळावर नाव, पत्ता, जन्मतारीख भरायची आणि कार्डाने पैसे द्यायचे. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही, त्यामुळे पाहुणे म्हणून आलेल्यांनाही लायसन्स काढता येतं आणि काढावंच लागतं. तेरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. तेरा ते सोळा वयाच्या मुलांना ते फुकट मिळतं, पण काढावं लागतं. "मुलाचं कशाला?" म्हणून पालक नेमके इथेच चुकतात. अपंगत्वाची सवलत हवी असेल तर ब्लू बॅज (अपंगांचा पार्किंग परवाना) किंवा नॅशनल इन्शुरन्सचा (तिथल्या सरकारी सामाजिक विम्याचा) क्रमांक आधीच हाताशी ठेवा, नाहीतर अर्ज अर्ध्यावर अडकतो.

खरी चूक होते ती प्रकार निवडताना. लायसन्स दोन प्रकारचं असतं: एक ट्राउट आणि गोड्या पाण्यातल्या इतर माशांचं, दुसरं सॅमन आणि सी ट्राउटचं. पहिलं स्वस्त, म्हणून लोक तेच उचलतात, आणि वर "ट्राउट" हा शब्द दिसतो म्हणून सी ट्राउटही त्यात आला असं धरून चालतात. तो त्यात येत नाही. गंमत म्हणजे ब्राउन ट्राउट आणि सी ट्राउट ही जात एकच. एक नदीतच राहतो, दुसरा समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला परत येतो. कायदा मात्र त्यांना वेगळं मानतो. समुद्रातून चढणाऱ्या माशासाठी गळ टाकणार असाल तर दुसऱ्या प्रकारचंच लायसन्स हवं. ते नसेल तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता भरतीच्या पाण्याचा घोळ. टेमस नदीला टेडिंग्टनपर्यंत, टेमर नदीला गनिसलेकच्या बंधाऱ्यापर्यंत भरती-ओहोटी चालते. अशा पाण्यात मासे धरण्याचा हक्क बहुतांश ठिकाणी जनतेचा आहे आणि ही परंपरा फार जुनी आहे. त्यावरून लोक अर्थ काढतात की इथे काहीच लागत नाही. जनतेचा हक्क असला की मालकाची परवानगी लागत नाही, एवढंच खरं. सॅमन किंवा सी ट्राउटसाठी लायसन्स खाडीतही लागतंच. खाडीत निव्वळ समुद्री मासे धरायचे असतील तर लायसन्स लागत नाही. हा फरक धक्क्यावर ऐकलेल्या गप्पांत नेहमी पुसला जातो.

भरतीची हद्द संपली की सगळं उलटतं. तिथून वर मासेमारीचा हक्क काठाच्या मालकाचा, किंवा त्याने तो भाड्याने दिलेल्या क्लबचा. म्हणजे त्यांचं परमिट हवं. बहुतेकांकडे नेमका हाच कागद नसतो, कारण लायसन्स काढताना तो कुणी मागत नाही. भरतीच्या पाण्यातही काही जुने खाजगी हक्क शिल्लक आहेत, शिवाय पाणी जनतेचं असलं तरी काठावर जायची वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. लायसन्स एकाकडून, परमिट दुसऱ्याकडून, नदीचे नियम तिसऱ्याच पानावर. हे सगळं अर्जदाराला एकाच जागी का सांगितलं जात नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही. म्हणून निघण्याआधी हद्द कुठे आहे आणि हक्क कुणाचा आहे हे स्थानिक क्लबला विचारूनच घ्या.

वसंतात येणाऱ्यांनी एक तारीख पाठ करावी: 16 जून. त्याआधी धरलेला प्रत्येक सॅमन पाण्यात परत सोडावा लागतो. हा नियम 1999 पासून आहे. या काळात सॅमनसाठी जिवंत किंवा मेलेलं आमिष चालत नाही. कृत्रिम माशी किंवा ल्यूर (माशासारखं दिसणारं खोटं आमिष) चालतो, त्यामुळे अशी कृत्रिम माशी लावून फ्लाय फिशिंग करणाऱ्यांना त्रास नाही. या तारखेचा अर्थ लोक "16 जूनपर्यंत बंदी, नंतर मोकळीक" असा लावतात, तो चूक आहे. अनेक नद्यांत पूर्ण हंगामभर सॅमन सोडूनच द्यावा लागतो, हंगामाच्या तारखाही नदीगणिक वेगळ्या असतात. वेल्समध्ये हेच लायसन्स चालतं, पण तिथे सॅमन वर्षभर सोडायचाच. वसंतात चढणारे सॅमन बरेचदा समुद्रात दोन-तीन हिवाळे काढून आलेले मोठे मासे असतात आणि त्यांची संख्या घटली आहे. म्हणून हात ओले करून, मासा पाण्यातच ठेवून गळ काढा.

एप्रिल-मे मध्ये सेव्हर्न आणि वाय नद्यांत शॅडही चढतो. आपल्याकडच्या पाल्याच्या, म्हणजे हिलसाच्या, नात्यातला हा मासा. दिसला की जीव हरखतो. पण तो कायद्याने संरक्षित आहे. मुद्दाम त्याच्यामागे लागू नका, चुकून लागला तर लगेच सोडा.

आता सर्वात जास्त चुकणारी मुदत. सॅमनचं लायसन्स असलेल्या प्रत्येकाला वर्षभराच्या पकडीची नोंद सरकारला द्यावी लागते, 1 जानेवारीपर्यंत. लायसन्स मे महिन्यात काढलं म्हणून नोंदही मे महिन्यात द्यायची, असं लोक समजतात. लायसन्सचं वर्ष घेतल्या दिवसापासून मोजतात, नोंदीचं वर्ष मात्र जानेवारी ते डिसेंबर. आणि एकही मासा लागला नाही, किंवा तुम्ही नदीवर गेलाच नाहीत, तरी शून्याची नोंद द्यावीच लागते. न देणं हा गुन्हा आहे. नोंदीच्या वेळी लायसन्सचा क्रमांक आणि पिनकोड लागतो, तेव्हा लायसन्सचा ईमेल पुसू नका, आणि प्रत्येक फेरीनंतर तारीख, नदी आणि सोडलेले मासे त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवा.