चाल कोणाची? अभंगांच्या ध्वनिमुद्रणातील श्रेयाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील एखाद्या गायकाचा अभंग मोबाइलवर लावला, की ‘संगीतकार’ या शब्दापुढे पुष्कळदा ‘संत नामदेव’ किंवा ‘संत जनाबाई’ असे नाव दिसते. नरसीचे नामदेव आणि गंगाखेडच्या जनाबाई यांचे शब्द आहेत, यात शंका नाही. पण आज मैफलीत ऐकू येणारी रागदारी चाल बहुधा गेल्या शंभर वर्षांतील कोणीतरी बांधलेली असते.

या घोळाला ‘रचना’ हा शब्दही थोडा कारणीभूत आहे. अभंगापुढे ‘रचना’ म्हटले की काव्य आणि बंदिशीपुढे म्हटले की शब्द व स्वर दोन्ही, असा अर्थ आपण न सांगता घेतो. शिवाय ‘नामा म्हणे’ किंवा पैठणच्या नाथांचे ‘एका जनार्दनी’ यांप्रमाणे कवीची मुद्रा, म्हणजे नावाची खूण, ओळीतच असते. ख्यालाच्या बंदिशीतही नियामत खाँ ‘सदारंग’ म्हणून, तर जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’ म्हणून टिकून राहिले. अभंगाला चाल लावणाऱ्याला ही सोय कधीच नव्हती. ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल’ हा नामदेवांचा अभंग भीमसेन जोशींचा म्हणून घरोघरी ठाऊक आहे. चाल राम फाटक यांची, हे मात्र सांगावे लागते.

ध्वनिमुद्रणाने हा तोल गायकाकडे आणखी झुकवला. 1902 मध्ये कोलकात्यात ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गायिका गौहरजान गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारीत. कायदाही मौखिक परंपरेला अनुकूल नव्हता: 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील व्याख्येनुसार सांगीतिक कृती छापलेली वा लिहिलेली असणे आवश्यक होते आणि ती अट 1994 च्या दुरुस्तीने गेली. ध्वनिमुद्रिकेवर काय छापावे हे सांगणारे, याच कायद्यात 1984 मध्ये आलेले कलमही निर्माता, हक्कधारक आणि वर्ष एवढेच मागते.

संगीत संयोजकाचे हाल याहून वाईट. दोन कडव्यांमधला बासरीचा तुकडा आणि पखवाज कुठे थांबायचा हे त्यानेच ठरवलेले असते. ध्वनिमुद्रणाच्या नोंदणीचा अर्ज भरताना मात्र त्याचा रकाना रिकामा राहतो. चालीपुढे ‘पारंपरिक’ लिहून मोकळे होण्याची सवय तर सर्वत्र आहे. वारकरी भजनाच्या जुन्या चालीला तो शब्द शोभतो. पण परभणी-नांदेडकडच्या एखाद्या संगीतशिक्षकाने मारवा रागात बांधलेली चाल ‘पारंपरिक’ म्हणून नोंदली गेली, तर त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे चालणाऱ्या हक्काला नोंदीत धनीच उरत नाही.